जुळ्या शब्दांचा तास

तिसरीतल्या एका मुलाने मला वहीत चित्र काढून दाखवलं होतं. डोंगर, डोंगरामागून वर येणारा सूर्य, आणि त्या सूर्याला दोन डोळे, नाक, कपाळावर आलेले केस. खाली इंग्रजीत लिहिलेलं, मी माझ्या वडिलांचा सूर्य आहे. 'सन'चं स्पेलिंग त्याने एस-यू-एन केलं होतं. मी म्हटलं, "अरे, मुलगा म्हणजे एस-ओ-एन." तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो मीच शे. चेहरा दखा ना." मी चेहरा पाहिला. हुबेहूब तोच होता. चूक कशी द्यावी हेच कळेना.

प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणं म्हणजे काय, असं लोक विचारतात तेव्हा मी हे चित्र सांगते. आपल्या मराठीत जसं बोलतो तसं बऱ्यापैकी लिहितो. मूल एकदा बाराखडी शिकलं की त्याचा कानावर भरवसा बसतो. मग इंग्रजीच्या तासाला आम्ही त्याला सांगतो, बाळा, कानावर जाऊ नकोस. सन दोन आहेत. मीट दोन आहेत, एक भेटणं आणि एक मटण. टू तर तीन आहेत. मुलं आमच्याकडे असं बघतात, की आम्हीच त्यांना फसवतोय.

मी मूळची जामनेरकडची. नोकरीची बहुतेक वर्षं मात्र साक्री तालुक्यातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका दोनशिक्षकी शाळेत गेली. गावाचं नाव आणि कुणाचं आडनाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिला ते आवडणार नाही. सुरुवातीला त्या गावची अहिराणी मला नीट कळायची नाही. आमच्याकडची बोली वेगळी. मुलं माझ्या बोलण्याला हसत, मी त्यांच्या. त्यामुळे ऐकलेलं आणि समजलेलं यात किती अंतर असतं, हे मला तरी आधीच कळायला हवं होतं.

सारख्या आवाजाच्या शब्दांना मी 'जुळे शब्द' म्हणायचे. त्यांचा एक खेळ केला होता. जुन्या पुठ्ठ्यांचे तुकडे कापून प्रत्येक मुलाला जोडीच्या दोन पाट्या द्यायच्या. एका पाटीवर एस-ई-ई आणि डोळा, दुसरीवर एस-ई-ए आणि समुद्र. मी वाक्य बोलायचे, मुलांनी बरोबर पाटी वर करायची. एकटा शब्द बोलले तर कुणालाच ओळखता येणार नाही. आजूबाजूचे शब्द पकडले तरच कळणार. मुलांना हा खेळ फार आवडे. अर्धा वर्ग शेजाऱ्याची पाटी बघूनच हात वर करायचा, ते वेगळं.

जागृती माझ्याकडे तिसरीत आली. पहिली-दुसरीला ती आमच्या मुख्याध्यापक सरांकडे होती. त्यांनी सोपवताना सांगितलं होतं, "पोरगी गरीब आहे, पण लक्ष नसतं." मीही लवकरच त्याच मताला आले. दोन वेण्या, काळा दोरा, मोठे डोळे. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. एक सांगितलं तर दुसरंच करायची. श्रुतलेखनात तर गोंधळच. 'बॅट' सांगितलं की 'मॅट' लिहायची, 'पेन' सांगितलं की 'मेन'. मी एकदा वर्गात म्हणाले, "नाव जागृती, आणि ही बघा झोपलेली." सगळी मुलं हसली. तीही हसली, सगळे हसत होते म्हणून. हे वाक्य मला आजही आठवतं आणि ते मीच बोलले होते.

मी तिला शेवटच्या रांगेत बसवलं. पुढे बसवून उपयोग नाही, पुढच्या जागा शिकणाऱ्या मुलांना, असा माझा हिशेब. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'लक्ष देत नाही.' वार्षिकलाही तेच.

चौथीत जुळ्या शब्दांचा खेळ सुरू केला तेव्हा मात्र एक विचित्र गोष्ट दिसली. जागृती चुकत नव्हती. मी म्हणायचे, "द सन इज हॉट," तिची पाटी वर, सूर्याची. "ही इज माय सन," पाटी वर, मुलाची. वर्गातली हुशार मुलं अडखळायची आणि ही शेवटच्या रांगेतून बरोबर. शेजारीही कुणी नाही, बघून करणार तरी कुणाचं?

त्याच दिवसांत मी चौथीच्या मुलांना शेजारच्या मोठ्या गावच्या आठवडेबाजारात नेलं. पाट्यांवरचं इंग्रजी वाचायचं आणि वहीत उतरवायचं, एवढंच काम. बाजाराच्या तोंडाशी कांतीशेठची पिठाची गिरणी होती. शेठचं घराणं राजस्थानातून आलेलं, गिरणी वडिलांच्या वेळची. वर मोठ्या निळ्या अक्षरांत बोर्ड. जागृतीने माझा पदर ओढला आणि बोट वर केलं. एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. फुलांची गिरणी! पीठ म्हणजे एफ-एल-ओ-यू-आर, ही जोडी आम्ही नुकतीच केली होती. मी इतक्या वर्षांत त्या बोर्डाखालून शेकडो वेळा गेले असेन, मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या पोरांना तेवढंच हवं होतं. सगळी ओरडली, "शेठ, तुमना आठे फुलं दयतस का?" तुमच्याकडे फुलं दळतात का, म्हणून.

कांतीशेठ पिठाने पांढरा झालेला चेहरा घेऊन बाहेर आले. मी समजावून सांगितलं. ते बोर्डाकडे बघत राहिले. "मॅडम, हा बोर्ड माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. कलेक्टरसाहेब या रस्त्याने गेले, आमदार गेले, कुणी बोलला नाही."

"या मुलीने पाहिलं," मी म्हटलं.

शेठनी जागृतीला विचारलं, "बेटा, कितवीत आहेस?" ते बोलता बोलता पोत्याकडे वळले होते. जागृती त्यांच्याकडे बघत नुसती उभी राहिली. मला राग आला. एवढं चांगलं काम केलं आणि साध्या प्रश्नाला उत्तर देत नाही. मी तिचा खांदा हलवला, "अगं, विचारतायत ते!" ती दचकली आणि म्हणाली, "जागृती." शेठ हसले. पुढच्या बाजारापर्यंत बोर्डावरची अक्षरं बदलली होती, नवा रंग जरा जास्त निळा दिसत होता.

परत येताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. जे सगळ्यात अवघड, ते हिला येतं. जे सगळ्यात सोपं, बॅट आणि मॅट, ते येत नाही. हे कसं?

उत्तर माझ्या दाढेने दिलं. त्या हिवाळ्यात माझी अक्कलदाढ काढावी लागली. गाल सुजला होता, तोंड वाकडं दिसत होतं आणि बाहेर बोचरी थंडी. मी नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून वर्गावर गेले. फार बोलवत नव्हतं, म्हणून खेळ घेतला. पाच वाक्यं झाली आणि जागृतीची एकही पाटी बरोबर नाही. सहाव्या वाक्याला तिने पाटी वरच केली नाही. ती बाकावरून अर्धी उठून, मान पुढे काढून, माझ्या स्कार्फकडे बघत होती. अंधारात एखादी वस्तू शोधावी तशी.

मी स्कार्फ खाली ओढला. तेच वाक्य पुन्हा बोलले. पाटी वर. बरोबर.

पुन्हा स्कार्फ वर. पुढचं वाक्य. पाटी चुकीची.

मी खुर्चीवर बसले. मुलांना वाटलं दाढ दुखतेय.

बॅट, मॅट, पॅट. आरशासमोर उभं राहून हे तीन शब्द आवाज न काढता बोलून बघा. ओठ तिन्ही वेळा एकसारखे हलतात. ती ऐकत नव्हती, ती बघत होती. सगळ्यांना जे शब्द वेगळे वाजतात ते तिला सारखे दिसत होते. तिच्यासाठी जवळजवळ सगळी भाषाच जुळ्या शब्दांची होती. म्हणून आजूबाजूचं बघून, चेहरा वाचून, डोळ्यांवरून अंदाज करून अर्थ लावायची तिला जन्माची सवय. सूर्य म्हणताना मी खिडकीकडे बघते हे मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. आणि मी अशा मुलीला शेवटच्या रांगेत बसवलं होतं, वर श्रुतलेखन घेताना पुस्तक तोंडासमोर धरून वर्गात फिरत होते.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. घर शाळेपासून जवळच. कोरडवाहू शेती, बाजरी आणि भुईमूग. वडील राजूभाऊ अंगणात दोरखंड वळत बसले होते, आई चुलीशी होती. जागृती पाठमोरी बसून शेंगा निवडत होती. कोपऱ्यात खाटेवर तिचे आजोबा, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं.

मी सांगितलं. राजूभाऊंचा हात थांबला. "मॅडम, तिले बठ्ठं ऐकू येस. मनी पोर भयरी नही शे." तिला सगळं ऐकू येतं, पोर बहिरी नाही.

"तुम्ही इथूनच तिला हाक मारा. रोजच्या आवाजात," मी म्हटलं.

त्यांनी हाक मारली. ती शेंगा निवडत राहिली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा ते जवळजवळ ओरडले तेव्हा तिने वळून पाहिलं. राजूभाऊंनी दोरखंड पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "काममा मन शे तिनं."

"राजूभाऊ, मीही दीड वर्षं हेच म्हणत होते."

"मॅडम, गावमा एक डाव भयरी नाव पडनं तं पडनं. उद्या तिनं लगीन..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चुलीपाशी तिची आई पदराने डोळे पुसत होती. धुराने की कशाने, मी बघितलं नाही.

मी ठरवलं होतं की 'नाही' ऐकून माघार घ्यायची नाही. रोज जात राहिले, पण उत्तर दुसऱ्या दिवशीही 'नाही', तिसऱ्या दिवशीही 'नाही'. सहाव्या दिवशी मात्र नानांनी खाटेवरून हात केला. नानांना वयामुळे कमी ऐकू यायचं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या घरातही गेलं असेल, विचारलं, "मॅडम, रोज काय सांगाले येतस?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. नाना ऐकत राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "मना कान बी दखाडू. गावले सांगा, नाना कान दखाडाले जाई राहिना, नातले संगे लई जाई राहिना. मंग कोन काय म्हनी?"

तपासायचे ते नानांचे कान, नात फक्त सोबतीला; म्हाताऱ्याच्या कानाला गाव काय नाव ठेवणार? राजूभाऊंनी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कवय जावानं?" त्यांनी विचारलं. कधी जायचं. मी म्हटलं, "उद्या."

आम्ही चौघं पहिल्या बसने साक्रीला आणि तिथून धुळ्याला गेलो. नाना स्वच्छ टोपी आणि कडक धोतरात. सरकारी दवाखान्यात कानाच्या तपासणीची एक छोटी खोली होती, आत आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जाड गादीसारखं अस्तर. कानांवर हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, काचेपलीकडे बसलेल्या. थोड्याच वेळात त्या उठून आत आल्या आणि त्यांनी जागृतीची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मला म्हणाल्या, "फार हुशार आहे हो. माझा चेहरा बघून बटण दाबतेय."

खुर्ची फिरवल्यावर जागृती घाबरली. तिचा आधारच काढून घेतला होता. ती पुन्हा पुन्हा मागे वळे. मग नाना आत गेले, तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि तिचा मोकळा हात धरून ठेवला. चेहरा मात्र त्यांनी दगडासारखा ठेवला. त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे इशारा द्यायची सोय नव्हतीच.

निकाल आला. दोन्ही कानांपर्यंत मोठे आवाज पोचत होते, नेहमीच्या बोलण्यातलं निम्म्याहून जास्त निसटत होतं. जन्मापासून की लहानपणच्या एखाद्या तापाने, ते आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावलं तर पुष्कळ फरक पडेल. नानांचं निघालं ते नातीपेक्षा वाईट. गेली कित्येक वर्षं ते ऐकू न येताच घरातल्या सगळ्या गोष्टींत निर्णय देत होते आणि ते पाळलेही जात होते.

राजूभाऊ बाहेरच्या बाकावर बसले. "इतला दिवस मी तिले मारत व्हतू," ते म्हणाले. "ऐकस नही म्हनीसन." मी मारलं नव्हतं, पण वर्गाला हसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी पहिलं काम केलं ते तिचं जुनं प्रगतिपुस्तक मागवण्याचं. 'लक्ष देत नाही'वर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'नोंद चुकीची. लक्ष होते. ऐकू येत नव्हते.' आणि सही केली. मुख्याध्यापक सर म्हणाले, "बाई, असं खाडाखोड करून चालत नाही." मी म्हटलं, "मग तसं लेखी पत्र माझ्यावर काढा." त्यांनी काढलं नाही.

यंत्र मिळेपर्यंत तीन महिने गेले. दाखले, फोटो, साहेबांची सही, साहेब नसतील त्या दिवशी परत येणं. माझ्या रजा त्यातच संपल्या. तोवर जागृती पहिल्या रांगेत आली आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. तीस वर्षांची सवय, पाठ फिरवून बडबडायची.

यंत्र लावलं की मूल आनंदाने टाळ्या वाजवतं, असं मला वाटलं होतं. जागृतीने कान झाकले. खडूचा आवाज, पत्र्यावरची पाखरं, खिचडीच्या वेळी ताटांचा खणखणाट, सगळं एकदम अंगावर आलं. दोन आठवडे ती रोज जेवणाच्या सुट्टीत यंत्र काढून दप्तरात टाकायची, मी रोज पुन्हा लावायचे. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीन लई वरडतस." खरंच होतं. तीन महिने तिला ऐकू जावं म्हणून मी ओरडत आले होते. आवाज खाली आणला तेव्हा बाकीच्या मुलांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये, नव्या वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात, मी तोंड झाकून एक खेळ घ्यायचे. आणखी दोन मुलं सापडली. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत मी हे सांगायचे, इतकं की लोक कंटाळले. कंटाळू देत. माझ्या मनात मात्र जागृतीच्या आधीची वर्षं येतात. शेवटच्या रांगेत मी कोणाकोणाला बसवलं होतं? एक मुलगी चौथीनंतर शाळाच सोडून गेली, तिलाही मी 'ऐकत नाही' म्हटलं होतं. तिच्या बाबतीत काय खरं होतं, ते आता मला कधीच कळणार नाही.

जागृती आता साक्रीला हायस्कुलात आहे. केसांच्या वेगळ्या वळणाने यंत्र झाकते, मैत्रिणींशी भांडण झालं की मुद्दाम बंद करते, असं तिची आई सांगते. नानांनी त्यांचं यंत्र चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाले, घरात एवढी बडबड चालते हे माहीत नव्हतं.

पण मला सांगायचा आहे तो चौथीतला शेवटाकडचा एक दिवस. श्रुतलेखन होतं. मी मुद्दाम पुस्तक तोंडासमोर धरलं आणि वर्गात फिरत वाक्य सांगितलं, माय गोट इज वीक. माझी शेळी अशक्त आहे. वह्या तपासायला घेतल्या. जागृतीच्या वहीत पूर्ण वाक्य होतं. सगळे शब्द जागच्या जागी. फक्त शेवटचा 'वीक' डब्ल्यू-ई-ई-के, म्हणजे आठवडा. माझी शेळी आठवडा आहे. बाकीच्या निम्म्या वर्गाने तेच लिहिलं होतं.

जुळ्या शब्दांत कानाने ऐकून केलेली तिची ही पहिली चूक. मी लाल पेनाने फुली मारली.

मिनिटाभरात ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली, नाक फुगवून. "मॅडम, फुली का बरं मारी? वीक तं वीकच शे ना! दोन्ही सारखंच ऐकू येस!"

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. ती टेबलावर वाकली, माझ्या कानाजवळ आली आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाली, "दोन्ही. सारखंच. ऐकू. येस."